अमरसिंगनगरला जाणारा रस्ता

२४ मार्च २००८

होळीला काय झालं ते लिहून ठेवतो, म्हणजे राग थंड पडणार न्हाई. घरात आमी बंजारा लोक आमची गोरमाटी बोलतो, पण हे मराठीत. मराठीत लिहिलं की ऑफिशियल वाटतं.

हिंगोली डेपोत तीस वर्षं कंडक्टरकी केली. जानेवारीत रिटायर. तांड्यात माझ्याइतका फिरलेला माणूस न्हाई. म्हणून होळीपाशी सगळे जमले असताना मुद्दा मांडला. आमच्यात तांड्याला नाईकाचं, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाचं, नाव लागतं, ही जुनी रीत. त्या रीतीनं डांबरी रस्त्यावरच्या पाटीवर 'रामसिंग नाईक तांडा' लिहिलंय. मी म्हणालो, जमाना बदलला, आता जग पाहिलेल्या माणसाचं नाव लावून बघू. उदाहरणार्थ, अमरसिंगनगर.

रामसिंग बाजेवर मांडी घालून बसला होता. म्हणाला, "नावासाठी नाईक व्हावं लागते, अमरसिंग. तिकिटं फाडून तांड्याला नाव लागत न्हाई."

अख्खा तांडा हसला. बायकोसुद्धा. जिवनबाई म्हणते, ठसका लागला होता. बरं.

सूड घेणार. आजपासून रामसिंगशी बोलणं बंद, त्याच्या दारावरून जाणं बंद.

२५ मार्च

तांड्यात यायचा रस्ता एकच, आणि तो रामसिंगच्या दारावरून येतो. हे काल ध्यानात आलं न्हाई. आज बांधाबांधानं गेलो. चपलेतून काटा आरपार. निश्चय कायम.

११ मे

योगेश आला. पोरगं पुण्यात कंप्युटरच्या कंपनीत आहे. मला एक डबी आणली. मुठीत मावते, आणि आभाळातल्या उपग्रहांशी बोलून आपण कुठं उभे आहोत ते दाखवते. मी म्हणालो, मी कुठं उभा आहे ते मला माहीत आहे. पण डबीतला नकाशा पाहिला आणि हरखलो.

जवळजवळ कोराच. हिंगोली एक ठिपका, औंढ्याकडं एक रेघ, संपलं. रामसिंग नाईक तांडा कुठंच न्हाई! होळीपासून पहिल्यांदाच आज गाढ झोप लागणार.

योगेशनं समजावलं ते असं. कंपन्यांचे नकाशे महाग, आणि त्यात खेड्यांना कोण विचारतो. हा नकाशा लोकांचा. डबी घेऊन फिरायचं, डबीत आपला माग उमटत जातो, तो नेट कॅफेत जाऊन चढवायचा, त्यावर रेघ ओढायची, नाव द्यायचं. जगात कुणीही तो फुकट घेऊन आपल्या डबीत नाहीतर गाडीत घालतो.

मी विचारलं, नाव कुणी द्यायचं? म्हणाला, जो आधी जाईल तो.

१२ मे

जिवनबाईला सांगितलं, जिल्ह्याचा नकाशा आता मीच करणार, रस्ते सगळे पाठ आहेत. म्हणाली, तुमी गाडीत पाठमोरे उभे राहून तिकिटं फाडत होता, रस्ता डायवर पाहत होता. शिकलेल्या माणसाच्या घरात हा असा त्रास असतो.

१५ मे

रस्ता सापडला! सिद्धेश्वर धरणाचं पाणी पार मागं हटलंय. गाळातून ट्रॅक्टरांनी वाट पाडलीय, सपाट, सरळ, जवळा बाजारच्या रस्त्यावरून सुटते ती थेट आमच्या घरामागं. रामसिंगचं दार औषधालाही लागत न्हाई. लुनावर डबी बांधून दोनदा गेलो. असला रस्ता तालुक्यात न्हाई. खड्डा म्हणून न्हाई.

१९ मे

हिंगोलीत रत्नपालच्या नेट कॅफेत बसलो. माऊस हाताला येईना, पण सुडाला सराव लागत न्हाई. गाळातला रस्ता जाड रेघेनं ओढला. प्रकार विचारला तिथं 'मुख्य रस्ता' निवडलं. तांड्याला नाव: अमरसिंगनगर. रामसिंगच्या दारावरचा डांबरी रस्ता 'पायवाट' केला. हसू आवरेना.

रत्नपालनं विचारलं, नकाशात धरणाचं पाणीही काढून दाखवायचं का? म्हणालो, धरण सगळ्या जगाला माहीत आहे, ते काढायचं काय काम.

निघता निघता सुचलं. रामसिंगच्या घरावर ठिपका ठेवला आणि लिहिलं, 'सार्वजनिक शौचालय'.

काळजात थंडगार वाटून राहिलं.

२ जून

सूड पूर्ण झाला तरी रामसिंगला पत्ता न्हाई. आज दुकानापाशी मोठ्यानं म्हणालो, काही लोक जगाच्या नकाशावरून कायमचे पुसले गेलेत. तो म्हणाला, पेरणीचं काय? मी उत्तर दिलं न्हाई. बोलणं बंद आहे.

१४ ऑगस्ट

पाऊस बरा. धरण भरून राहिलं म्हणतात. बांधावर चिखल, त्यामुळे घराबाहेर पडणं कमी केलंय. लोक समजतात तब्येत ठीक न्हाई.

२० ऑक्टोबर

मोठी बातमी. आमच्या लेकीसाठी, दिपासाठी स्थळ. योगेशच्याच कंपनीतला सुदाम जाधव, घर पुसदकडचं, आपल्यातलंच. दोघांनी फोटो पाहिलेत. दिपा काही बोलत न्हाई, पण दोन दिवस झाले गाणं म्हणत झाडून राहिली, तेव्हा पोरीच्या मनात आहे. लेकरू गुणाचं. ही सोयरीक हातची जाऊ द्यायची न्हाई.

अडचण एकच. सगाईचा गूळ नाईकाच्या हातून वाटला जातो. नाईकानं गूळ दिला की बोली पक्की, एरवी न्हाई. म्हणजे रामसिंग माझ्या घरात, माझ्या सतरंजीवर, माझ्या पोरीचा गूळ वाटणार. ते जमणार न्हाई.

२२ ऑक्टोबर

मार्ग निघाला. सुदामचे वडील गुलाबचंद यांना फोन केला. पत्ता: अमरसिंगनगर. गाडीतल्या यंत्रात टाका, योगेशनं सुदामच्या यंत्रात आमचाच नकाशा घातलाय. वाटेत कुणाला विचारू नका, लोक चुकीचं सांगतात. ते म्हणाले, वा, तुमच्या नावाचाच तांडा, मग नाईक तुमीच. मी न्हाई म्हणालो न्हाई. व्हयही म्हणालो न्हाई. फक्त हसलो. फोनवर हसलेलं ज्यानं त्यानं समजून घ्यावं.

गूळ मीच वाटणार.

९ नोव्हेंबर, सकाळी

पाहुणे आज. तांड्यातल्या जुन्या माणसांना बोलावलंय, रामसिंगला सोडून. जिवनबाई म्हणाली, नाईकाला न बोलावता गूळ कसा? म्हणालो, तू भजी तळ.

९ नोव्हेंबर, बारा वाजता

आले न्हाईत. फोन लागेना. यंत्र चुकत नसतं. गाडी पंक्चर असेल.

९ नोव्हेंबर, दोन वाजता

भजी गार. दिपा तिसऱ्यांदा दारात येऊन गेली. नवी साडी नेसलीय. तिच्याकडं बघवेना.

जुनी माणसं एकेक करून उठली. म्हणाली, जरा रामसिंगकडं जाऊन येतो. सगळीच्या सगळी? तिथं काय आहे?

१० नोव्हेंबर

काल लिहिणं झालं न्हाई. आज जमेल तसं लिहितो.

मीही शेवटी रामसिंगकडं गेलो. डांबरीवरून. अपवाद म्हणून. त्याच्या अंगणात पाहुणे जेवत होते.

गाडी माझ्या मुख्य रस्त्यानं बराबर आली. पुढं पाणी दिसलं. यंत्र म्हणत होतं सरळ जा, म्हणून सुदामनं आणखी थोडी पुढं घेतली. पुढची चाकं गाळात बसली. सगळे उतरले. गुलाबचंद यांना शुगर आहे, त्यांना थांबवेना, आणि त्या उघड्या माळावर आडोसा म्हणून झुडूप न्हाई. पोरानं यंत्रात पाहिलं, जवळ काही सोय आहे का. यंत्रानं दाखवली. सार्वजनिक शौचालय, पायवाटेनं जा.

त्या पायवाटेनं म्हातारा अर्धा पळत रामसिंगच्या दारी पोचला आणि विचारलं, सार्वजनिक हेच का. रामसिंगनं नवा संडास बांधलाय, तांड्यात पहिला. तो म्हणाला, व्हय, हेच, या. पाण्याची बादली स्वतः भरून दिली. मग बैलजोडी नेऊन गाडी ओढली, पाय धुवायला पाणी दिलं, जेवायला बसवलं.

मी घाईनं म्हणालो, हा नकाशा कुणीतरी दुश्मनीनं केलाय, आणि रामसिंगकडं पाहिलं. सुदाम माझ्याकडं पाहून खाली बघू लागला. नंतर बाजूला हळूच म्हणाला, काका, या नकाशात प्रत्येक रेघेखाली काढणाऱ्याचं नाव दिसतं. हे योगेशनं सांगायला पाहिजे होतं. बापाला पोरगं एवढंही सांगत न्हाई.

बैठक तिथंच झाली. जिवनबाई आणि दिपा येऊन दारात उभ्या राहिल्या. गुलाबचंद हात पुसत म्हणाले, "जागा पाहिली, माणसं पाहिली. आता नाईकानं गूळ द्यावा. नाईक कोण?"

रामसिंगला सांगायला एक शब्द पुरला असता. त्यानं गुळाचं ताट उचललं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाला, "पाहुण्यांनी ज्याचं नाव ऐकून वाट धरली, त्यानंच द्यावा."

मी ताट घेऊन फिरलो. पहिल्या म्हाताऱ्यापुढं धरलं. हात मांडीवरच. दुसऱ्यापुढं धरलं. तोही तसाच. कुणी हात पुढं करेना. गुलाबचंद एकदा त्यांच्याकडं बघत, एकदा माझ्याकडं. दारात दिपानं पदराचं टोक तोंडात धरलं होतं. लहानपणी बस सुटायच्या वेळी ती अशीच करायची, मी कामावर निघायचो तेव्हा.

ताट फार जड होतं. पितळी. मला खांद्याचा जुना त्रास आहे, तीस वर्षं बॅग अडकवून. म्हणून, केवळ म्हणून, ते रामसिंगच्या हातात दिलं आणि म्हणालो, "नाईक, तुमी वाटा."

सगळे हात एकदम पुढं आले. माझाही.

१४ नोव्हेंबर

लग्न वैशाखात. दिपा पुन्हा गाणं म्हणत झाडते. गुलाबचंद यांचा फोन आला, तुमच्या नाईकासारखा माणूस पाहिला न्हाई म्हणाले. मी रेंज न्हाई असं केलं.

रामसिंगनं अजून एका शब्दानं टोमणा मारला न्हाई. मला हे मुद्दाम वाटतं. तो मनात साठवून राहिला.

३ डिसेंबर

योगेशनं नवा नकाशा पाठवला. सुदामनं नीट केलाय म्हणे. डबीत घातला.

धरण निळं, भरलेलं. माझा मुख्य रस्ता त्यात बुडाला. नाव: रामसिंग नाईक तांडा. अपेक्षा होतीच. सार्वजनिक शौचालय मात्र तिथंच. सुदाम काढणार होता, रामसिंगनंच ठेवायला लावलं. म्हणाला, वैशाखात वरात येईल, लोकाला लागंल.

आणि आमच्या घरावर एक ठिपका. 'अमरसिंग पवार यांचे घर'. तांड्यात नावाचं घर हे एकच. सुदामला फोन करून विचारलं, हे कुणाच्या डोक्यातून? म्हणाला, नाईकांनीच लिहायला लावलं.

आता ह्याचा सूड कसा घ्यायचा?

संध्याकाळी बांधावर उभा राहिलो आणि डबीला घरचा रस्ता विचारला. डबी म्हणाली, रामसिंगच्या दारावरून जा.

गेलो. चहा घ्यावा लागला.