मशीनच्या आवाजावर

प्रिय चिमणे,

काल कारखान्यात रेडिओवर तुझं भाषण लागलं, तेव्हा सगळ्याजणी मशीन थांबवून ऐकत बसल्या. काजबटण करणारी मला म्हणाली, "तुझी बहीण एवढ्या मोठ्याने का बोलते गं?"

तू म्हणालीस, घरातलं एक मूल शिकावं म्हणून दुसऱ्याची शाळा सुटते, आणि विकासाच्या हिशेबात तो तोटा कुणी धरत नाही. तिथे तू जरा अडखळलीस. मला कळलं, हे माझ्याबद्दल आहे.

अगं वेडे, शाळेतून घरी आलीस की दप्तर न उतरवता माझ्या मशीनशेजारी बसायचीस आणि त्या दिवशीचा धडा मला वाचून दाखवायचीस. खडखड वाढली की तूही आवाज चढवायचीस. "घसा बसेल पोरीचा," आई ओरडायची. मी थांबले असते, पण गिऱ्हाईक दारात उभं असायचं. नदी वळण कशी घेते ते मला बाही जोडता जोडता समजलं. अजूनही बाहीची गोलाई आली की नदी आठवते.

तेव्हा मला तोट्यात धरू नकोस.

हे पत्र मी टाकणार नाही. तू ते पुढच्या भाषणात वाचशील आणि मला कारखान्यात तोंड लपवायला जागा उरणार नाही. त्यापेक्षा फोनवर एवढंच सांगेन: घरीच ये, आणि सध्या जे लिहितेयस ते वाचून दाखव. या वेळी मशीन बंद ठेवीन. हळू बोललीस तरी ऐकू येईल.

तुझीच,
ताई