काळ्या गाडीवरच्या रेघा

गुरुजी,

आज फजरची नमाज झाल्यावर मी कफीलची, म्हणजे ज्याच्याकडे मी ड्रायव्हर आहे त्या म्हाताऱ्या मालकाची, काळी गाडी धुतली. इथे सौदीत, बुरैदात, पत्रा तापायच्या आत धुवावी लागते. काल दिवसभर वाळू उडत होती, म्हणून आधी नुसतं पाणी सोडलं आणि धूळ आपणहून वाहून जाऊ दिली. मग दोन बादल्या, एक साबणाची, एक फडकं खळबळून घ्यायची. सुरुवात छतापासून, चाकांकडचा भाग शेवटी. जमिनीवर पडलेलं फडकं पुन्हा गाडीला लावायचं नाही. तुम्ही पाटी पुसायला शिकवलंत, तेच हे. "कोरड्या बाहीने पुसतोस म्हणजे वाळू घासतोस, गाढवा. आधी पाणी लाव," म्हणून कान धरला होतात. आमचं घर खाडीकाठी, बाहीत वाळू असायचीच.

एवढं ठाऊक असून चार महिन्यांपूर्वी मी चुकलो. म्हाताऱ्याला दवाखान्यात जायचं होतं, दारात उभा राहून "यल्ला, यल्ला" चाललेलं, आणि मी बॉनेटवरची धूळ कोरड्याच फडक्याने पुसली. तिरप्या उन्हात बघतो तर बारीक गोल रेघांचं जाळं. दुसऱ्या दिवशी मेण चढवलं. थोडंसं घेऊन पातळ पसरायचं, धुरकट झालं की मऊ कापडाने, न दाबता, उतरवायचं. त्याने रेघा दिसेनाशा होतात, जात नाहीत. काही आठवड्यांनी पुन्हा वर येतात. तेव्हापासून मी मेण लावतोय आणि गाडी सावलीतच उभी करतोय.

मला कायमचं घरी जायचंय, गुरुजी. त्यासाठी कफीलने खुरूज द्यावा लागतो, म्हणजे कायमच्या परतीचा कागद. तीन वर्षं विचारतोय. तो खजुराची ताटली पुढे सरकवतो, "बाद ईद." ईद होते. "बाद हज." शिव्या देणारा मालक असता तर भांडलो असतो. हा माझ्या गुडघ्यासाठी तेल आणून देतो. फाटकाजवळच्या खोलीत एकोणीस वर्षं गेली. बायको फोनवर म्हणते, "त्या गाडीवरून रोज हात फिरवता, इकडे मी पिकून चाललेय." आणि हसते. रेघा कळल्या तर म्हातारा चिडेल, खुरूज आणखी लांबेल, ही धास्ती. सजद्यात कपाळ टेकलं तरी डोळ्यांपुढे बॉनेटच.

आज मेणाचा डबा उघडला, आणि तसाच बंद केला. गाडी उन्हात काढली. म्हातारा बाहेर आला तेव्हा माझ्या मोडक्या अरबीत म्हटलं, "बाबा, हे मी केलं. घाईत कोरडं पुसलं. आणि मला खुरूज पाहिजे. ईदनंतर नको, आता."

त्याने वाकून रेघांवर बोट फिरवलं. "कधीचं?"

"चार महिने."

"आणि जायचं कधीपासून मनात आहे?"

"तीन वर्षं. विचारत होतो ना, बाबा."

"मला वाटलं, तुला विचारायची सवय लागलीय," तो म्हणाला आणि गाडीत बसला. सिग्नलला एवढंच म्हणाला, "मुलाला सांगतो, कागदांचं तोच बघतो." सांगेल का, ठाऊक नाही. माझं सांगून झालं.

तुम्ही गेलात, या कागदावर घालायला पत्ता उरला नाही, म्हणून उरलेलंही लिहितो. चौथीत तुम्ही मला नवी पाटी दिलीत. तिच्यावर ओरखडे बघून विचारलंत, तेव्हा मी म्हणालो, आणली तेव्हापासूनच आहेत. तुम्ही त्या दुकानदाराशी भांडून आलात. ते ओरखडे माझेच होते.