ताईंचा उजवा कान

सोम., ३ फेब्रु.
द्वारका चौकातल्या ट्रॅफिकने आज पुन्हा अर्धा जीव घेतला. स्टुडिओत पोचले तर ताई, आमच्या मुलाखतींच्या अँकर, आधीच मेकअप करून तयार. मागे चादर टांगून केबलवर बातम्या वाचायच्या, तेव्हापासूनची सवय: पाहुण्याच्या आधी आपण हजर. आज चांदवडचे एक पुढारी होते. पाठ केलेलं उत्तर धडाधड म्हटलं. ताई गप्प. नुसत्या बघत राहिल्या. गडी घाबरला, पुढे बोलत गेला आणि नको ते बोलून बसला. मला नेहमी सांगतात, "वैशाली, उत्तर संपलं की लगेच तोंड उघडू नकोस. माणूस खरं बोलतो ते त्यानंतर."

कंट्रोल रूममधून मी इयरपीसवर त्यांच्या कानात दोनतीनदा "ब्रेक" म्हटलं. घेतलाच नाही. बाहेर सगळे खूश, बाईंचा दम बघा! चॅनलचे मालक, आमचे शेठ, तेही हसले. मला नाही हसू आलं. मुद्दाम टाळतात तेव्हा ताईंची भुवई वर जाते. आज गेली नाही.

गुरु., ६ फेब्रु.
ताईंना सरळ विचारलं. आडपडदा कशाला?
"उजव्यानं काहीच ऐकू येत नाही गं. डावा चालतोय अजून बापडा."
म्हणून पाहुण्याची खुर्ची अगदी समोर घेतली तर! ओठ वाचतात. आणि आम्ही मठ्ठ, नवा सेट, नवा सेट म्हणून टाळ्या पिटतोय.

शेठना कळलं तर कार्यक्रम गेलाच. निमित्तच शोधतायत, नवा तरुण चेहरा हवाय त्यांना. शेवटी ठरलं: इयरपीस डाव्या कानात. तो कान त्यात अडकला, म्हणजे पाहुण्याचे नुसते ओठ वाचायचे. पाहुणा पुटपुटला तर त्याचं वाक्य मी कानात परत म्हणायचं. मला रडूच फुटलं. समजूत काढायची मी, तर त्यांनीच मला चहा पाजला. काय बाई आहे!

मंगळ., ११ फेब्रु.
दोन मुलाखती झाल्या. कुणाला पत्ता नाही. एक डॉक्टर तर जाताना म्हणाले, इतकं मन लावून मला घरीसुद्धा कुणी ऐकत नाही. देवा.

शुक्र., १४ फेब्रु.
 लिहूनच काढते.
आज लाइव्ह. पाहुणी हौसाबाई, सुरगाण्याकडची, द्राक्षाच्या मळ्यात मजुरीला आलेली. मजुरांची जीप उलटली, त्यात तिची जाऊ गेली. तिला गावाहून मजुरीला आणणारा मुकादम बाहेर सोफ्यावर ठिय्या देऊन. बाईने पदर तोंडावर घेतला तो काढेचना. आवाज तर आतल्या आत. ओठ दिसत नाहीत, म्हणजे ताईंना काही म्हणजे काही कळत नव्हतं. सगळं माझ्यावर.

आणि नेमके शेठ येऊन माझ्या पाठीशी उभे. मी बोलले तर ताईंचं बिंग फुटतं. नाही बोलले तर त्या बिचारीचं बोलणं वाया. माइकचं बटण दाबलं...

तेवढ्यात ताईंनी कानातला इयरपीस काढला. चालू कॅमेऱ्यावर.
"हौसाबाई, मला एका कानानं ऐकू येत नाही. पण तुझं मला ऐकायचंय. माझ्याजवळ ये."
स्वतः उठल्या, तिची खुर्ची ओढून आपल्या डाव्या हाताला घेतली. फ्रेमचा पार बट्ट्याबोळ. कॅमेरामन कपाळाला हात लावून.

हौसाबाई बघतच राहिली. मग तिने आपण होऊन पदर खाली केला. खणखणीत बोलली, "जीप नाय चालायची, आमी सांगितलं व्हतं. मुकादम म्हनला, बसायचं तर बसा, नायतर घरी जा. आता म्हनतो गप रहा. माझी जाऊ मेली, मी कशी गप राहू?"
ताई काही बोलल्या नाहीत. ती बोलत राहिली. 
अभिमान वाटतो. लय अभिमान वाटतो, बस.

शनि., १५ फेब्रु.
फोनवर फोन. लोक ताईंबद्दलच विचारतात. शेठच्या नाकाला मिरच्या.
"बहिरी अँकर? लोक हसतील. सोमवारपासून तिच्या जागी तू बस."
"मला गप्प बसता येत नाही, शेठ. ते काम ताईंचं."
"मग दोघी घरी बसा!" नंतर जरा निवळले. म्हणाले, कार्यक्रम ठेवायचा की बंद, ते सोमवारी दुपारपर्यंत सांगतो.
घरी सांगितलं नाही अजून. नोकरी गेली तर... बघू.

सोम., १७ फेब्रु.
दुपार उलटली. शेठचा निरोप नाही. मी दोनदा फोन केला, उचलत नाहीत. बंद म्हणाले नाहीत, म्हणजे आज कार्यक्रम होणार.
मुकादमाने स्वतःहून निरोप धाडला, मलाही कार्यक्रमात बोलायचंय, आज येतो.
ताई कानाला ऐकायचं मशीन लावून आल्या. मेकअपवाली बिचारी केस पुढे घेऊन ते झाकायला लागली.
"वर बांध गं. चोरी केलीय का मी?"
मुकादम आलाय. ताई सेटवर जाऊन बसल्यासुद्धा.