मोज्यातली एलन-की

प्रिय क्रांती,

जयभीम. रेल्वेने येतोय असं तुला आणि आईला सांगितलं, ते खोटं होतं. ओरडू नकोस, बाळ उठेल.

खोटेपणाचा विषय निघालाच आहे तर दुसरंही ऐक. दोन वर्षांपूर्वी तुझ्या पदवीदानाला बंगळूरला आलो नाही, ताप आलाय असं कळवलं. ताप कसला! विमानतळावरच्या तपासणीपर्यंत पोचलो होतो. यंत्र वाजलं आणि तिथल्या माणसाने अगदी नीट शब्दांत नकली पाय काढून द्यायला सांगितला. पावणे गावच्या कारखान्यात पाय गेला तेव्हा मी रडलो नव्हतो, पण मागे एवढी रांग बघून पँट वर करायची लाज वाटली. पाकीट विसरलं म्हणालो आणि नावड्याला परत आलो. खांद्यावर लाल उपरणं घेतलेली माझी लेक मी फोटोतच बघितली. अजून सलतं गं.

नातीचं नामकरण मात्र चुकवायचं नव्हतं, आणि यायचं तर या वेळी विमानानेच, असं ठरवलं. म्हणून आई तुझ्याकडे आल्यापासून घरी सराव केला. खुर्चीत बसायचं, पाय काढून परातीत ठेवायचा, पुन्हा चढवायचा. शेजारच्या पुतळाबाई एकदा भाजीची वाटी घेऊन आल्या आणि परातीतला पाय बघून वाटी तिथेच टाकून पळाल्या!

आज इथल्या नव्या विमानतळावर मी आधीच सांगून टाकलं, पाय नकली आहे, आडोसा द्या. मानसिंग नावाच्या जवानाने वेगळ्या खोलीत नेलं, खुर्ची दिली. मी ऐटीत पाय काढला, तर मोज्यातून एलन-की खाली पडली! तीस वर्षं फिटरचं काम केलेला माणूस मी. घोट्याचा स्क्रू ढिला झाला की आवळायला ती तिथेच असते. पट्टा, चिल्लर, पेन सगळं काढलं, पण ही अंगाचीच झालेली, आठवलीच नाही. मानसिंग म्हणाला, अवजार आत नेता येणार नाही, पण आत्ता आवळून घ्या काका. आणि मी आवळेपर्यंत माझा पाय दोन्ही हातांनी धरून बसला.

आता तपासणीच्या पलीकडे बसून हे लिहितोय. विमानाला पाऊण तास आहे. तुझ्यासमोर हे तोंडाने बोलता येणार नाही, म्हणून पत्र हातात देईन आणि नातीला मांडीवर घेऊन बसेन. वाचून झालं की हवं तेवढं रागव. पण ते लाल उपरणं जपून ठेवलं असशील तर आधी एकदा खांद्यावर घे. मी आलोय.

तुझाच,
दोन वर्षं उशिरा पोचलेला बाप,
अंकुश