चारशे तेरावा पूल

३ एप्रिल
बरोबरी! मोठे पूल — आपण चारशे बारा, समोरचे चारशे बारा. शेजारच्या देशाचं नाव आमच्या तुलना कक्षात कुणी घेत नाही. 'समोरचे' म्हणायचं, जणू ते टेबलापलीकडेच बसलेत. वेगवान गाड्यांत आपण पुढे, मोबाइलच्या मनोऱ्यांत ते, दवाखान्यांतल्या यंत्रांत आपण ३.४ टक्क्यांनी सरस. हा आकडा अर्थात दशांशचा. शेजारच्या टेबलावरच्या माझ्या सहकाऱ्याला आम्ही दशांशच म्हणतो. चहा किती हवा विचारलं तरी 'पॉइंट पाच कप' म्हणतो.

साहेबांनी तक्ता पाहिला आणि चष्मा काढून ठेवला. "बरोबरी म्हणजे हारच की हो! बघा, एखादा पूल राहून गेलाय का कुठे." जणू पूल कपाटामागे पडलाय!

४ एप्रिल
राहून गेलेला पूल नाही. दिवसभर फायली उपसल्या. डोळ्यांची वाट लागली.

५ एप्रिल
आज मीच सुचवला. लिहून ठेवते, नंतर दुसऱ्या कुणाच्या माथी मारायला नको.

ताईच्या गावचा पूल. गेल्या महिन्यात तिच्याकडे गेले तेव्हा फेरीबोटीतून पाहिला — सातही खांब उभे, मधल्या दोन गाळ्यांवरचा रस्ता तेवढा बाकी. मुकादम म्हणाला होता, "दोन महिन्यांत गाडी घालून दाखवतो, बाई!" तक्ता छापून यायलाच तेवढे लागतात. मग खोटं कसलं? 'प्रगतिपथावर' खोडलं, 'पूर्ण' लिहिलं. साहेब खूश. "बघा, सापडला की नाही!"

मनात हेही होतं — यादीत आला की काम तरी झपाट्याने होईल. ताईला सातवा लागलाय. तिच्या काठाला दवाखाना नाही, सगळं नदीच्या अलीकडे.

२१ एप्रिल
तक्ता छापायच्या आधीच साहेबांनी आकडा पेपरवाल्यांना दिला! पहिल्या पानावर — 'पुलांतही आपण सरस'. आईने कात्रण काढून ठेवलं. तिला वाटतं, पूल मीच बांधले.

१२ मे
ताईचा फोन. "अगं, क्रेन नेली! माणसंही गेली. मुकादम म्हणतो, वरून कागद आला, काम पूर्ण, यंत्रं दुसरीकडे पाठवा. पूर्ण काय डोंबलाचं? मधे ही एवढी भगदाडं!"

मी म्हटलं, "काहीतरी घोळ झाला असेल गं." माझी जीभ कशी वळली!

१९ मे
फेरीबोट बंद झाली. नियम आहे — जिथे पूल, तिथे सरकारी बोट नाही. आणि तो नियम आमच्याच आकड्यांवरून लावतात! नऊ वर्षं नोकरी केली, मला पत्ता नाही. खासगी होड्या त्या धारेत कुणी घालत नाही. आता दवाखान्यात यायचं तर धरणावरून वळसा, एकशे दहा किलोमीटर, त्यातला निम्मा रस्ता कच्चा.

आई म्हणते, आताच घेऊन ये तिला. कशी आणू? परवा थोडा रक्तस्राव झाला. गावातल्या नर्सने बजावलंय — अंथरुणातून उठायचं नाही, गाडीचे हादरे तर नकोच नकोत.

२० मे
साहेबांना सगळं सांगितलं. रडू आवरेना. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. माणूस वाईट नाही. मग म्हणाले, "दुरुस्ती केली तर आपण चारशे बारावर. समोरच्यांचे काल चारशे चौदा झाले. अशात कमी कसा करू, तुम्हीच सांगा!"

दशांश खाली मान घालून पुटपुटला, "त्यांनीही असेच शोधले असतील." आकड्याशिवाय बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं.

दुरुस्तीचा अर्ज केला. चूक माझी, असं स्पष्ट लिहून खाली सही. आवक क्रमांक मिळाला.

२ जून
अर्जाचं काय झालं विचारलं. प्रगतिपथावर.

९ जून
सकाळी भावोजींचा फोन. कळा सुरू झाल्या, तीन आठवडे आधीच. "वळशाला चार तास लागतील, तेवढा वेळ नाही. सीमा सहा किलोमीटरवर आहे. तिकडे नेतोय." आणि फोन कट. दुपार झाली, संध्याकाळ झाली — काही कळत नाही. ताईला काही झालं तर ते मी केलेलं असेल. साहेबांनी नाही, समोरच्यांनी नाही. मी.

१० जून
मुलगी! दोघी सुखरूप!

समोरच्यांच्या चौकीवरच्या शिपायाने ताईकडे एकदा पाहिलं आणि आडवा दांडा वर केला. कागद नाही, काही नाही. दवाखाना दोन खोल्यांचा. ऐन वेळी वीज गेली, डॉक्टरने मोबाइलच्या उजेडात टाके घातले. आणि त्यांच्या आकडेवारीत त्या भागात चोवीस तास वीज आहे! मला हसू फुटलं, मग कितीतरी वेळ रडत बसले.

ताईला अजून सांगितलेलं नाही. आईलाही नाही.

१२ जुलै
वळसा घालून ताई बाळाला घेऊन आली. जन्माच्या नोंदीला मीही सोबत गेले. कारकुनाने तिकडचा दाखला उलटसुलट पाहिला, मग आमचा छापील तक्ता काढून त्यावर बोट ठेवलं. "पूल असताना समोरच्यांकडे कशाला गेलात? कारण लिहून द्या."

ताईने पेन माझ्या हातात दिलं. "तूच लिही गं. तुला ऑफिसचं चांगलं जमतं."