जिवाईची रजा

कुंभकोणम,
५ ऑगस्ट २०२५

चि. प्रसाद यास अक्काचे अनेक आशीर्वाद वि. वि.

फोनवर बोललेलं सगळं अप्पांच्या कानी पडतं, म्हणून हे पत्र. पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यावर त्यांचा उजवा हात आता थोडा उचलला जातो. इडली स्वतःच्या हाताने खातात. पण काल तपासणीला नेलं होतं. मी औषधं घ्यायला बाहेर गेले, तेवढ्यात डॉक्टरांनी त्यांना तमिळमध्ये विचारलं की तुमची काळजी कोण घेतं. अप्पांनी सांगितलं, जिवाई. घरात मी एकटी! मी परत आल्यावर डॉक्टर म्हणाले, मुलीचाही विसर पडलाय, हे आता वाढत जाणार.

जिवाई तुला आठवतेच. आपलं मराठी टिकावं म्हणून अप्पा रोज रात्री जेवताना ती जुनी कादंबरी वाचून दाखवायचे, त्यातली पोरक्या मुलाला वाढवणारी दाई. अप्पांच्या डोक्यात घर आणि पुस्तक एक झालंय रे. मला फार भीती वाटते. तू काय ते ठरव.

तुझी,
वेदवती

पुणे,
११ ऑगस्ट २०२५

ती. अक्कास प्रसादचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून जेवण गेलं नाही. आमच्या घराजवळ वृद्धांची सोय करणारी एक चांगली जागा आहे, तिथे अप्पांचं नाव घालून ठेवलं आहे. महिनाअखेरीस न्यायला येतो. या वयात त्यांना कावेरीकाठावरून उचलायचं माझ्या जिवावर येतंय, पण तू एकटी किती करणार?

राग मानू नकोस, पण मला धक्का बसला तो वेगळ्याच कारणाने. जिवाई म्हणजे तापलेल्या मुलाला रात्रभर पदराने वारा घालणारी, शब्दाने कुणाला न दुखवणारी. तुझं आणि तिचं कुठे जमतं? भावाला गणितासाठी उंबऱ्याबाहेर उभं करणारी तू! अप्पांना तुझ्यात जिवाई दिसते म्हणजे दुखणं खरंच वाढलंय. तरी एकदा हळूच विचारून बघ, तिचं काय काय आठवतं.

तुझ्या बोलण्यांवरच वाढलेला,
कृष्णप्रसाद

कुंभकोणम,
१८ ऑगस्ट २०२५

चि. प्रसाद यास अनेक आशीर्वाद वि. वि.

ती जागा आधी सोडून दे, मग पुढचं वाच.

विचारलं. अप्पा अर्ध्या तोंडाने इतके हसले की कॉफी सांडली. म्हणाले, प्रसाद तापाच्या प्रकरणापर्यंत जागा राहायचा, पुढे ताटावरच पेंगायचा. त्याला कुठली जिवाई ठाऊक? ती तांदळाच्या पिंपात गूळ लपवायची. वैद्याशी भांडायची. मूल पळू नये म्हणून त्याचा पाय आपल्या पदराला बांधून झोपेचं सोंग घ्यायची, आणि देवाला सगळ्यांदेखत दम द्यायची. मग माझ्याकडे बोट करून विचारलं, माझा पानाचा डबा कुठे आहे? मी तो उडदाच्या डब्यामागे लपवून ठेवलाय. व्यायाम शिकवायला येणाऱ्या माणसाशी तर मी दोनदा भांडले. नाव ठेवलं ते अगदी बरोबर ठेवलं रे! मी कोण, हे त्यांनी जन्मनक्षत्रासकट सांगितलं. मग डॉक्टरांना तसं का नाही सांगितलं, म्हटल्यावर म्हणाले की त्यांनी मुलगी कोण असं विचारलंच नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन मनसोक्त रडले, आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

संध्याकाळी त्यांनी पुन्हा हाक मारली. आता चेहरा गंभीर. म्हणाले, त्या लेखकाने एवढ्या जाड पुस्तकात जिवाईला एक रात्र झोपू दिलं नाही. मी इतक्यांदा वाचलं, पण तिला झोप लागत असेल हे माझ्याही ध्यानात आलं नाही. पुस्तकात झालं ते झालं, माझ्या घरी ते चालणार नाही. तू पंधरा दिवस जवळच नाचियार्कोविलला तुझ्या मैत्रिणीकडे, गोमतीकडे जा, आणि प्रसादला सांग, ठरल्याप्रमाणे ये, पण मला न्यायला नको, माझ्याकडे बघायला. आपली झोप घरी ठेवून ये.

तुझ्या मनात माया आहेच, ती घेऊन लवकर ये.

तुझी,
अक्का