दुसऱ्याच्या तोंडचं

हिंगोली, शुक्रवार, १२ नोव्हेंबर १९४८

दादा,

आज सकाळी शाळेत मुलींकडून पाढे म्हणून घेत होते, तेव्हा ठाण्यातून जवान आला. साहेबांनी बोलावलंय म्हणाला. मोठ्या बाईंना सांगून मी गेले, दुपारनंतर परत आले, उरलेला तास घेतला. आता ऊन ओसरीवरून उतरतंय. एवढाच दिवस झाला. पण तुम्हाला सांगावासा वाटला. दुसरं कुणी सांगण्यासारखं घरात नाही.

ठाण्यात तुमच्या वेळचं आता कुणी उरलं नाही. अंमल बदलला, अमीनसाहेब गेले, आणि त्यांच्या जागी नवे साहेब आलेत ते मद्रासकडचे. हिंदी बोलतात, पण एकेक शब्द जपून ठेवल्यासारखी. जमादार इथलाच आहे, त्याला तांड्याची बोली येत नाही. कुणीतरी त्यांना सांगितलं असावं की जुन्या मुन्शींच्या, म्हणजे तुमच्या, मुलीला ती येते. साहेबांसमोर तांड्यावरची एक बाई तोंडावर ओढणी ओढून बसली होती. पुसेगावहून बैलजोडी हाकून नेल्याच्या संशयावरून तिचा नवरा कोठडीत होता. साहेब तिला विचारत होते, नवऱ्याचं नाव काय, त्या दिवशी तो कुठे होता. ती काहीच बोलत नव्हती. जमादार मला म्हणाला, "बाई, सकाळधरून अशीच बसून राहिली ही. नवऱ्याचं नाव सुदिक सांगंना. हिला नवरा हाय का न्हाई तेच बघा आधी." साहेबांना वाटत होतं की ती लपवतेय. ती बोलली नाही तर संध्याकाळच्या गाडीने तिच्या नवऱ्याला परभणीच्या तुरुंगात पाठवायचं ठरलं होतं.

मी आधी तुम्ही बघायचा तसं बघितलं, कोण कुणाच्या मागे बसलंय ते. दाराच्या पायरीवर तिचा सासरा बसला होता. त्याच्यासमोर ती बोलणार नव्हती, आणि नवऱ्याचं नाव तर एकटी असती तरी घेतलं नसतं. मी म्हाताऱ्याला म्हटलं, "बाबा, लेकाचं नाव तुमी सांगा, आन् जरा लिंबाखाली जाऊन बसा." त्याने नाव सांगितलं आणि निमूट गेला. मग मी तिच्यासमोर खाली बसले. तिच्या बोलीत म्हटलं, नाव तुझ्या सासऱ्याने सांगितलंय, तू बाकीचं सांग.

ही बोली तुम्हीच मला शिकायला लावलीत. नवरा गेल्यावर मी सासरहून परत आले, ओसरीत भिंतीकडे तोंड करून बसायची. लाकडाच्या मोळ्या घेऊन तांड्यावरची म्हातारी यायची, तिच्याशी तिच्याच बोलीत बोलायचं असं तुम्ही सांगितलंत. तेवढंच माझं दिवसातलं बोलणं व्हायचं. तुम्ही तर घरात बोलतच नव्हता. दिवसभर ठाण्यात लोकांची बयानं उर्दूत करायची, आणि घरी आलात की आधी उंबऱ्याबाहेर तांब्याने चूळ भरायची. जेवण, सुपारी, झोप.

एकदा एका बाईचं बयान होतं, तिच्याजवळ बाईमाणूस असावं म्हणून मला ठाण्यात बसवलं होतं, तेव्हा पहिल्यांदा मी तुमचं काम पाहिलं. तुम्ही "हा म्हणतो" असं कधी म्हणायचा नाहीत. बयान देणारा जे बोलेल ते तुम्ही "मी" म्हणूनच बोलायचा. अमीनसाहेब हसायचे, मुन्शीजी, चोरी तुम्ही केली की त्याने? त्याच दिवशी कळमनुरीकडचा एक माणूस आला. त्याची बायको पाणी काढताना विहिरीत पडून गेली होती. तो मराठीत रडत सांगत होता आणि तुम्ही न रडता उर्दूत बोलत होता. "मेरी घरवाली मर गई, साहब. मैं वहाँ नहीं था." आणि तुम्ही थांबलात. त्या माणसाचं पुढचं वाक्य होऊन गेलं तरी तुम्ही बोलला नाहीत. अमीनसाहेबांनी मान वर केली. आई गेली तेव्हा तुम्ही ठाण्यात होता, दादा. ते वाक्य घरात मी तुमच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तुम्ही चूळ भरत असताना मी विचारलं, तुम्हाला आईची आठवण झाली का. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "माय, ते त्या माणसाचं बोलणं व्हतं. दुसऱ्याच्या तोंडचं घरात आणू न्हाई." एवढं बोलून आत गेलात. मला ते लागलं होतं. पुन्हा कधी विचारलं नाही, आणि मग तुम्हीही गेलात.

आज ती बाई हळूहळू बोलली. मी साहेबांना तुमच्याच रीतीने सांगितलं. "मेरा आदमी घर में था, साहब. उसके पाँव को कुदाल लगी थी. मैंने हल्दी बाँधी." आवाज माझाच होता. मेरा आदमी घर में था. मी थांबले. ती ओढणीआडून माझ्याकडे बघत होती, काहून थांबली म्हणून. मग पुढचं सांगितलं, की तो पायाने चालू शकत नव्हता, पुसेगावला जाणार कसा. साहेबांनी जमादाराला त्याचा पाय बघायला कोठडीत पाठवलं. त्याने येऊन सांगितलं, जखम आहे, खोल आहे, जुनी आहे. मी बयान तिला तिच्या बोलीत परत ऐकवलं, तिने मान हलवली, अंगठा दिला. दुपारी तिच्या नवऱ्याला सोडलं. सासरा पुढे, मागे ती, आणि बऱ्याच अंतरावर तो लंगडत. रस्ता वळेपर्यंत मी बघत उभी होते.

हे कागद पाठवायचे कुठेच नाहीत. तरी एक सांगते. घरी आल्यावर तुमच्यासारखाच तांब्या घेऊन उंबऱ्याशी उभी राहिले. चूळ भरायची म्हणून पाणी ओंजळीत घेतलं, आणि भरली नाही. ते वाक्य त्या बाईचं आहे हे मला कळतं, दादा. पण थोडा वेळ तोंडात राहू दिलं. ओंजळीतलं पाणी पायरीवर सोडलं, तांब्या हंड्यावर पालथा ठेवला आणि चुलीपाशी बसून एका भाकरीचं पीठ मळायला घेतलं.